फिरकीचा तांब्या खाऱ्या वाळवंटात

मी फिरकीचा तांब्या. आत्ता माझं झाकण उघडं आहे तेवढ्यात बोलून घेतो. एकदा आटे बसले की माझा आवाज आतल्या आतच घुमत राहतो.

हल्लीच्या मुलांना मी कोण ते सांगावं लागतं. पितळेचं गरगरीत पोट, आखूड मान, मानेवर आटे आणि त्यावर फिरवून घट्ट बसणारं झाकण. वर धरायला कडी. पोटात दोन लिटर पाणी मावतं. मला आडवा पाडा, उलटा टांगा, एसटीच्या सीटखाली लोळू द्या, थेंब सांडत नाही. एवढी एकच कला मला येते. तिच्यावर अख्खं आयुष्य निघालं, आणि ज्या दिवशी ती पुरेशी ठरली नाही, त्या दिवसाची गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म नाशिकच्या तांबट गल्लीतला. दिवसभर ठोक ठोक आवाज, त्यात माझं पोट आकाराला आलं. मग कल्हईवाल्याने मला भट्टीवर लालभडक तापवलं, आत नवसागराची चिमूट टाकली, कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारवली. पांढरा धूर निघाला. गार पाण्यात चर्र झालं, आणि माझ्या आत एक चंदेरी थर बसला. तो थर म्हणजे आमचं आतलं कातडं. वापरता वापरता ते करडं पडतं, मळकट दिसतं, पण जोवर ते शाबूत आहे तोवर माझ्यात ताक घाला, सरबत घाला, काही बिघडत नाही. ते गेलं, की आंबट पदार्थ नुसत्या पितळेला लागतो आणि कळकतो. विष होतो म्हणा.

नाशिकरोडच्या कारभारी नावाच्या गँगमनने मला त्याच्या लग्नात घेतलं. बायको शकुबाई. कारभारी रोज रुळांवर कामाला जायचा तेव्हा मी त्याच्या खांद्यावर असायचो. दसऱ्याला दोघं नागपूरला दीक्षाभूमीवर जायची तेव्हाही मी बरोबर. त्या गर्दीत किती अनोळखी लोकांनी ओंजळ पुढे केली आणि माझ्यातलं पाणी प्यायलं, ते सांगता येणार नाही. दर वर्षी निघण्याआधी शकुबाई मला कल्हई करून आणायची. "पोटातून चांगला असला म्हंजे झालं, वरून कसा का दिसंना," म्हणायची.

मग कारभारी गेला. घरात स्टील आलं, प्लॅस्टिक आलं. गल्लीत येणाऱ्या कल्हईवाल्याची हाक कमी कमी होत बंद झाली. मला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं गेलं. तिथून मला खालचं दिसत नसे, पण ऐकू सगळं यायचं.

मी ऐकलं की शकुबाईचा मुलगा धम्मपाल एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात लागला. त्याचं लग्न झालं, ज्योत्स्ना नावाची शिकलेली सून आली, डीएड झालेली. तेजल नावाची मुलगी झाली. आणि ती आठ महिन्यांची असताना एके दिवशी खाली नुसती पळापळ ऐकू आली. जुलाब, उलट्या, रिक्षा, सलाईन. चार दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. पोरगी वाचली. पण त्या दिवसापासून स्वयंपाकघरातून पाणी उकळल्याचा आवाज यायला लागला, तो पुढे पाच वर्षं थांबला नाही.

ज्योत्स्ना पाणी वीस मिनिटं उकळायची. घड्याळ लावून. मग फडक्याने गाळायची, पुन्हा उकळायची. आणि तेजलला देण्याआधी पहिला घोट स्वतः घ्यायची. लग्नात, वाढदिवसाला, जयंतीच्या कार्यक्रमात, कुठेही. लोक बघायचे म्हणे. धम्मपाल म्हणायचा, "राजाच्या जेवणाला चाखणारा असायचा ना, तशी आमच्याकडे मॅडम आहे."

"हसा," ती म्हणायची. "मलापण माहितीये मी वेडी दिसते. पण वेडी दिसून पोरगी बरी राहत असेल तर राहू दे."

सन नव्व्याण्णवच्या दिवाळीआधी तिला जिल्हा परिषदेची ऑर्डर आली. प्राथमिक शिक्षिका. शाळा हरसूलजवळच्या पाड्यावर. एका महिन्यात रुजू व्हायचं.

माळ्यावरून मला जे ऐकू आलं त्यावरून घरात आनंद पाच-दहा मिनिटं टिकला. मग धम्मपालच्या शिफ्टांचा विषय निघाला, तो काही एकलहरं सोडून येऊ शकणार नव्हता. म्हणजे ज्योत्स्ना पोरीला घेऊन एकटी डोंगरात राहणार. दवाखाना कुठे, पाणी कुठलं, रात्री-अपरात्री गाडी मिळते का. हे सगळे प्रश्न दुसरं कोणी विचारत नव्हतं. तीच विचारत होती आणि तीच उत्तरं देत होती.

"मी नाही म्हणून कळवते," ती एका सकाळी म्हणाली.

"कळव," धम्मपाल म्हणाला.

"तुम्ही लगेच हो कशाला म्हणता?"

"मग काय म्हणू?"

 आठवडाभर ती ऑर्डर भांड्यांच्या मांडणीवर डब्याखाली दबून राहिली. मग एके दिवशी ती वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या वाचनालयातून एक जुनं मासिक घेऊन आली. त्यात कच्छच्या किनाऱ्यावरच्या एका अभयारण्याची माहिती होती. वाळवंट जिथे थेट समुद्रात उतरतं, तिथे हिवाळ्यात हजारोंनी समुद्रपक्षी येतात. त्यातच एक काळा-पांढरा पक्षी, खेकडे खाणारा. बाकीच्या पक्ष्यांची पिल्लं उडायला लागली की आपापली जातात. याचं पिल्लू आईबापांबरोबर समुद्र ओलांडून येतं आणि पुढे कित्येक महिने त्यांच्या मागे फिरून खायला मागतं. आईबाप भरवतात.

"म्हणजे तुझ्यासारखाच," धम्मपाल म्हणाला.

"म्हणूनच मला तो बघायचाय."

"कच्छला जाऊन?"

"हो. दिवाळीच्या सुट्टीत. तेजलला घेऊन." मग ती जरा थांबली. "मी ठरवलंय. तिकडच्या उन्हात, खाऱ्या वाऱ्यात पोरीला फिरवून सुखरूप परत आणली, तर हरसूलला रुजू होईन. नाही जमलं तर ऑर्डर परत."

"वाळवंटाचा आणि हरसूलचा काय संबंध? हरसूलला वर्षाला समुद्रभर पाऊस पडतो."

"पाणी उकळायला दोन्हीकडे मीच असणार आहे. तो संबंध."

शकुबाई ऐकत होती. ती म्हणाली, "पाखरं बघायला येवढ्या लांब? नांदूरच्या धरणावर काय कमी पाखरं हायेत?" पण सून ऐकत नाही म्हटल्यावर तीच स्टुलावर चढली, माळ्यावर हात घातला आणि मला खाली काढलं. "ते प्लॅस्टिकचं नेऊ नको. गळतं अन् वास मारतं. ह्यो ने. दीक्षाभूमी बघितलेला तांब्या हे."

किती वर्षांनी उजेड पाहिला ते मला मोजता आलं नाही. दुसऱ्या दिवशी शकुबाई बहिणीकडे गेली, आणि ज्योत्स्नाने मला साफ करायला घेतलं.

बाहेरून चिंच लावली, राख लावली, मी सोन्यासारखा निघालो. मग तिने झाकण उघडून आत बघितलं. आत करडं, काळपट. तिच्या कपाळाला आठी पडली. "शी. किती वर्षांचा मळ आहे." तिने तारेची घासणी घेतली, हात आत जाईना तेव्हा लाकडी पळीला ती घासणी बांधली, आणि घासायला बसली.

अहो, तो मळ नव्हता. ती माझी कल्हई होती, जुनी पण शाबूत. मी सांगणार कसं? दुपार सरली, तिचे हात लाल झाले, पण ती उठली नाही. एखादी गोष्ट स्वच्छ करायची म्हटलं की ही बाई माघार घेत नाही. संध्याकाळी तिने मला उजेडात धरलं. आतून पिवळाधमक. पितळ उघडं पडलं होतं. ती समाधानाने म्हणाली, "आता पोरीला यातून पाणी द्यायला हरकत नाही."

माझ्या आयुष्यात मला बोलता यावंसं एवढं कधी वाटलं नव्हतं.

नाशिकहून एसटीने सुरत, तिथून रेल्वे, मग पुन्हा एसटी, शेवटी एक खडखडणारी जीप. दोन दिवस माझ्यात साधं उकळलेलं पाणी होतं. साध्या पाण्याने पितळेला काही होत नाही. मी जरा निश्चिंत झालो. कदाचित तेवढ्यावर भागेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अभयारण्याच्या चौकीवर होतो. समोर जमीन होती की आभाळ सांडलं होतं, कळत नव्हतं. पांढरी, भेगाळलेली, मिठाचा पापुद्रा धरलेली सपाटी. मधेच वेड्या बाभळीचं झुडूप. लांबवर एक चकाकती रेघ, तो समुद्र. वारा इतका खारा की ज्योत्स्नाने ओठ चाटले आणि लगेच तेजलचे ओठ पदराने पुसले.

वाट दाखवायला जुसबभाई नावाचे म्हातारे कच्छी मच्छीमार होते. वनखात्याचे हंगामी राखणदार. त्यांनी तेजलकडे बघून डोक्याला फडकं बांधायची खूण केली. "बेन, धूप बहुत है. पानी ज्यादा लेना."

"लिया है," ज्योत्स्ना म्हणाली. आणि मग तिने ते केलं ज्याची मला भीती होती. चौकीच्या स्टोव्हवर उकळलेल्या पाण्यात साखर घातली, मीठ घातलं, आणि सहा लिंबं पिळली. ऊन लागू नये, पोरीच्या अंगातलं पाणी कमी होऊ नये म्हणून. डॉक्टरने पाच वर्षांपूर्वी लिहून दिलेलं प्रमाण तिला पाठ होतं. ती चुकत नव्हती. तिचं सगळं बरोबर होतं. फक्त मी तो तांब्या उरलो नव्हतो.

धम्मपालने जीपमधला पाच लिटरचा कॅन उचलला. "हा पण घेऊ."

"तो नको. डेपोच्या नळाचं आहे ते, उकळलेलं नाही. उगाच पोरगी मागेल."

कॅन जीपमध्ये राहिला. आम्ही निघालो.

जुसबभाईंनी आधीच सांगितलं होतं. समुद्र आत्ता मागे गेलाय. वाळूच्या दांड्यापर्यंत दीड तास चालायचं. मधे एक खाडी आहे, आत्ता घोट्याएवढी. दुपारी पाणी चढलं की ती भरते आणि मग कोणी जात नाही, येत नाही. म्हणजे एक फेरी. उद्या सकाळी आमची परतीची गाडी होती. आज नाही तर नाही.

तासाभराने तेजल म्हणाली, "मम्मी, पाणी."

ज्योत्स्नाने मला खांद्यावरून काढलं. झाकण फिरवलं. आणि नेहमीसारखा पहिला घोट स्वतः घेतला.

तिचा चेहरा मी इतक्या जवळून बघत होतो. भुवया आक्रसल्या. तिने तो घोट गिळला नाही, बाजूला थुंकला. पुन्हा वास घेतला. "अहो, हे कसं लागतंय बघा."

धम्मपालने बोट बुडवून जिभेला लावलं. "नाणं चघळल्यासारखं."

जुसबभाई पुढे आले. त्यांनी मला हातात घेतलं, उन्हाकडे तिरकं करून आत डोकावले. लिंबाच्या पाण्यावर हिरवट झाक आली होती. "बेन, इसमें खटाई डाली?"

"निंबू."

"और कलई कहाँ है? ये तो नंगा पीतल है. किसने घिस डाला?"

ज्योत्स्नाने स्वतः आत वाकून बघितलं. मग म्हणाली, "मैंने." आणि मराठीत धम्मपालला म्हणाली, "मी तो मळ समजले. तीन तास घासला. आत्ता हे पोरीने प्यायलं असतं."

"पण प्यायली नाही ना."

"मी आधी घोट घेतला म्हणून."

"तेच तर म्हणतोय. पहिल्यांदाच तुझं ते चाखणं कामाला आलं."

  तिने मला उलटा केला. दोन लिटर पाणी त्या पांढऱ्या जमिनीत ओतलं गेलं आणि जमिनीने ते क्षणात पिऊन टाकलं. मी तिची माफी मागायला हवी होती की तिने माझी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मम्मी, मला तहान लागली," तेजल म्हणाली. यावेळी आवाज जरा कोरडा होता.

जीपपर्यंत परत जायचं म्हणजे एक तास. तिथे न उकळलेलं पाणी. ते उकळून परत यायचं तर खाडी भरलेली. पक्षी राहिला, स्वतःशी केलेला करार राहिला, हरसूल राहिलं. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं, मला दिसलं. ती मागे वळून चौकीकडे बघत होती आणि चौकी एखाद्या काडेपेटीएवढी दिसत होती.

जुसबभाईंच्या खांद्याला जाड कापडाची पाण्याची पिशवी होती, पाझरून थंड झालेली. त्यांनी ती पुढे केली. "बच्ची को पिलाओ."

"पानी कहाँ का है?"

"गाँव के तालाब का. बारिश का जमा किया हुआ."

"उबाला है?"

जुसबभाईंनी वर बघितलं, मग तिच्याकडे. "सूरज रोज उबालता है, बेन."

धम्मपाल हसू दाबत होता. ज्योत्स्नाला हसू आलं नाही. "आपके घर में बच्चे यही पीते हैं?"

"सात पोते-पोती. सब से छोटी इससे भी छोटी. वो भी यही पीती है."

"कभी बीमार?"

"होते हैं," जुसबभाई म्हणाले. "ठीक भी होते हैं."

त्यांनी खोटं सांगितलं असतं तर ती परत फिरली असती, असं मला वाटतं. खरं सांगितल्यामुळे ती थांबली. तिने पिशवी घेतली, घोट घेतला. मचूळ, पण गार. मग ती तशीच उभी राहिली.

"काय करतेस?" धम्मपालने विचारलं.

"शंभर मोजतेय. मला काही होतंय का बघते."

"पोटाला शंभर आकड्यांत कळत नाही."

"मला माहितीये. पण मोजू दे."

तिने पूर्ण शंभर मोजले. तेजलनेही मोजले, एकोणतीसनंतर तीसवर अडखळून पुन्हा वीसवर गेली. मग ज्योत्स्नाने पदराने पिशवीचं तोंड पुसलं, पोरीच्या तोंडाला लावलं आणि स्वतः दुसरीकडे बघत म्हणाली, "पी. थोडं थोडं पी." पाच वर्षांत पहिल्यांदा ती पोरगी न उकळलेलं पाणी प्यायली. गटागटा प्यायली.

"हा तांब्या इथेच ठेवू का?" धम्मपालने विचारलं. "येताना घेऊ. उगाच ओझं."

"नको. त्याची काय चूक?" तिने मला परत खांद्याला अडकवलं. "चला. खाडी भरायच्या आत."

मी रिकामा होतो, चालताना कडी वाजत होती. पण मला तिथे टाकून दिलं नाही, हे मी विसरलेलो नाही.

वाळूच्या दांड्यावर पोचलो आणि आधी काही दिसलंच नाही. वाळूच होती, ठिपक्याठिपक्यांची. मग जुसबभाईंनी खाली बसायला सांगितलं, आणि ती वाळू हलली. सगळे पक्षी होते. सुरय, कुरव, लांब चोचीचे, आखूड पायांचे, एका पायावर उभे, पंखात मान घातलेले. कुठूनतरी एक घार गेली तशी सगळी वाळू एकदम वर उठली, आभाळात वळली, चांदीसारखी लखलखली आणि पुन्हा खाली बसून वाळू झाली. तेजलने आपले दोन्ही कान झाकले. इतका त्यांचा कालवा होता.

जुसबभाईंकडे वनखात्याची दुर्बीण होती, एक डोळा आंधळा झालेली. त्यांनी ती ज्योत्स्नाला दिली आणि बोट केलं. "वो रहे."

काळे-पांढरे, उंच पायांचे, जाड काळ्या चोचीचे. आठ-दहा होते. आणि त्यांच्यात काही करडे, मळकट रंगाचे, तेवढेच उंच. एक करडा एका काळ्या-पांढऱ्याच्या मागे मागे चालत होता, मान खाली घालून, रडक्या सुरात ओरडत.

तेजलने दुर्बीण मागितली. बराच वेळ बघितलं. "एवढं मोठं बाळ? आणि तरी मागतंय?"

धम्मपालने ज्योत्स्नाकडे बघितलं. "काही बोलू नका," ती म्हणाली.

"मी कुठे बोललो?"

मोठ्या पक्ष्याने चिखलात चोच खुपसून खेकडा काढला, त्याच्या नांग्या झटकून मोडल्या आणि पिल्लाच्या चोचीत दिला. पुढचा खेकडा त्याने धरला, पिल्लू धावलं, तर तो तसाच चालत राहिला. पिल्लू मागे, तो पुढे. शेवटी त्याने खेकडा वाळूवर ठेवला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. खेकडा पळायला लागला. पिल्लाने दोनदा चोच मारली, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा धरला.

खरं तर इथे मी सांगायला हवं होतं की ज्योत्स्नाला हे बघून एकदम काही उमगलं. पण तसं झालं नाही. ती घड्याळाकडे बघत होती. पोरीने पाणी प्यायल्याला एक तास दहा मिनिटं झाली होती, याचा ती हिशेब करत होती.

परतीच्या गाडीत तेजलचं पोट दुखायला लागलं. विरमगामच्या अलीकडे दोनदा जुलाब झाले. धम्मपालचा चेहरा उतरला. तो काही बोलणार, तेवढ्यात ज्योत्स्ना उठली होती. स्टेशन आलं तशी ती मला घेऊन फलाटावर उतरली आणि चहावाल्यासमोर उभी राहिली.

"चाय नहीं चाहिये. सिर्फ पानी उबाल के दो. खदखद के."

चहावाल्याला वाटलं बाईचं डोकं फिरलंय. त्याने उकळून दिलं. तिने ते माझ्यात ओतलं, पिशवीतली साखर घातली, मीठ घातलं. हात लिंबाकडे गेला, थांबला, मागे आला. झाकण लावून मला गदागदा हलवलं. पहिला घोट स्वतः. मग सुरतेपर्यंत दर दहा मिनिटांनी एक-एक चमचा. गाडी हेलकावे खात होती, पण चमच्यातलं पाणी सांडत नव्हतं. मी तिच्या मांडीवर होतो, गरम होतो, भरलेला होतो. सुरत येईपर्यंत पोरगी उठून बसली आणि समोरच्या बाईंकडे शेव मागायला लागली.

घरी दारातच शकुबाईने विचारलं, "पोरगी सुखरूप हे ना?"

ज्योत्स्ना हो म्हणून मोकळी झाली असती. धम्मपालनेही तसंच खुणावलं. पण ती म्हणाली, "गाडीत दोनदा जुलाब झाले, आई. तिकडचं पाणी न उकळता दिलं होतं मीच."

 शकुबाई हळूच म्हणाली, "मंग आता? ऑर्डर परत?"

"नाही. जुलाब झाले आणि थांबले. मी होते तिथे." तिने मला ओट्यावर ठेवलं. "काही होणारच नाही असं ठरवून निघाले होते, ते चुकलं. काही झालं तर मला येतं, एवढं कळलं. सोमवारी जाऊन रुजू होते."

"लय हट्टी हे," शकुबाई मुलाला म्हणाली. मग तिने मला उचललं, आत बघितलं. "अन् ह्ये कोणी केलं?"

"मी."

"येवढं घासत्यात का, बाई?"

"मला वाटलं मळ आहे."

शकुबाई हसली नाही, रागावलीही नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून मला देवळाली कॅम्पला घेऊन गेली. तिथल्या बाजारात एक म्हातारा कल्हईवाला अजून बसायचा. नवसागराचा तो धूर मी किती वर्षांनी बघितला. परत आल्यावर तिने आपलं गाठोडंही बांधायला घेतलं. ज्योत्स्ना बघत राहिली. "बघतीस काय? तू शाळंत असशील तवा पोरीकडं कोण बघंल, तांब्या?"

तशी आम्ही हरसूलला आलो.

याला आता नऊ वर्षं होतील. ज्योत्स्नाबाई आजही काळजी करतात, पाऊस लागला की पाड्यावरच्या पोरांची, पोरं आजारी पडली की त्यांच्या आयांची. काळजी गेली नाही, तिला माणसं जास्त मिळाली. तेजल आता चौदा वर्षांची आहे आणि आईच्या बोलण्याला हसायला शिकली आहे. धम्मपाल सुट्टीला येतो. घरात फिल्टर आलाय, त्यामुळे मला रोजचं काम नाही. तुमच्या माळ्यावर माझा कोणी भाऊबंद गुंडाळून पडला असेल तर त्याला खाली काढा, एवढंच मागणं आहे. आत करडा दिसला तर घाबरू नका. गावात कल्हईवाला उरला असेल तर त्याला एकदा दाखवा, आणि नसला तरी साध्या पाण्याला आम्ही अजून पुरतो.

मला एक काम मात्र बाईंनी दिलं आहे. बाजाराच्या दिवशी मला भरून उंबऱ्यावर ठेवतात. डोंगरावरून बायका डोक्यावर पाट्या घेऊन उतरतात, आमचं दार वाटेतलं. आत्ता कुसाबाई आली आहे, नागलीचं गाठोडं खाली ठेवून कपाळ पुसते आहे.

"बाय, पानी दे जरासा. लय ऊन झाला."

ज्योत्स्नाबाई उठल्या. मला उचललं. कुसाबाईने वाकून ओंजळ केली, भेगाळलेली, मातीने भरलेली, आणि बाईंनी आधी तिच्या हातांवर धार धरली. हात धुतले. मग ओंजळ भरली, पुन्हा भरली. माझ्यात अजून बरंच पाणी आहे.